सगळ्यांना दिसलेला उजेड

सासूबाईंच्या सातव्या वर्षाचं श्राद्ध जर्दाळूच्या ऐन बहरात आलं, पण त्या वर्षी मात्सुशिरोत बहराकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मागच्या उन्हाळ्याच्या अखेरीस जमीन हलायला लागली होती ती थांबायचं नाव घेत नव्हती. सुरुवातीला लोक धक्के मोजत, एकमेकांना सांगत. आता मोजणंही सोडलं होतं. डोंगराच्या पोटात तोफ उडाल्यासारखा दणका व्हायचा, घर करकरायचं, आणि बोलणारा माणूस अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू करायचा.

मियाइरींच्या घरात फळ्यांवरचं सगळं सामान केव्हाच जमिनीवर आलं होतं. पितरांच्या देव्हाऱ्यातली पितळी भांडी फुमिएने सुतळीने आवळून बांधली होती. सासरे, कान्झो, ते बघून कुरकुरले होते, की पितरांना कुणी बांधून ठेवतं का.

"पितरांना नाही बांधलं, मामंजी. त्यांच्या भांड्यांना बांधलंय," फुमिए म्हणाली होती, आणि म्हातारा पहिल्यांदाच हसला होता त्या आठवड्यात.

श्राद्धाचं पठण चालू असताना दोनदा चांगलं हादरलं. देवळातल्या आचार्यांनी एक हात उदाच्या भांड्यावर दाबून धरला आणि सूर तसूभरही हलू दिला नाही. आलेगेले लोक जेवून लवकरच पांगले. ज्याला त्याला आपापल्या घराची काळजी. दुपार कलली तेव्हा घरची माणसं तेवढी उरली: कान्झो, थोरला मुलगा तामोत्सु म्हणजे फुमिएचा नवरा, नागानो शहरात शाळेत विज्ञान शिकवणारा धाकटा शिगेओ, आणि या दोघांची मोठी बहीण किनुए. फुमिएची मुलगी सायो महिनाभर मामाकडेच होती. शिगेओची बायको पोराला घेऊन यायला घाबरली होती, तेव्हा तो नव्या गाडीतून एकटाच आला होता.

किनुए स्वयंपाकघरात उरलेलं जेवण डब्यांत भरत होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना श्राद्धाचा घास पोचवायचा असतो. फुमिए म्हणाली, "वन्सं, खालच्या आळीचे डबे तुम्ही नेता का? माझे पाय मोडून आलेत." पाय मोडून आले नव्हते. किनुए बाहेर गेल्याशिवाय बोलणं सुरू होणार नव्हतं, आणि हे बोलणं व्हावं असं सगळ्यांत जास्त फुमिएलाच वाटत होतं.

कारण उघड होतं. सायोला सुझाकाच्या एका चांगल्या घरचं स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत, स्वभावाने शांत, आई हयात नाही. मध्यस्थ ओयामादाबाई दोनदा येऊन गेल्या होत्या आणि दुसऱ्यांदा चहा घेताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, की तुमच्या नणंदबाई संध्याकाळच्या वेळी लांब कंदांच्या शेतात उभ्या राहून डोंगराला नमस्कार करतात म्हणे, ते कशासाठी? फुमिएने काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण स्थळवाले चौकशी करतातच. मुलीच्या घरात वेड आहे का, ही तर पहिली चौकशी.

किनुएने काही लपवून ठेवलं नव्हतं. गेल्या शरदात एका सकाळी न्याहारी करताना, बाहेर दव पडलंय असं सांगावं तशा आवाजात ती म्हणाली होती, "काल मिनाकामी डोंगरावर उजेड आला होता. हारुओ आले असावेत." हारुओ तिचा नवरा. लग्नानंतर एक हिवाळा दोघांनी एकत्र काढला, आणि युद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्याला मांचुरियाला नेलं. तिथून त्याचं काही आलं नाही, ना अस्थी, ना नखं, ना केस. सासरच्यांनी तिला काही वर्षांनी परत पाठवलं. ती अजूनही त्याचा स्मरणफलक देव्हाऱ्यात ठेवू देत नव्हती. जिवंत माणसाचा फलक कसा ठेवायचा, म्हणायची. घरात सगळ्यांना तिच्या या हट्टाची सवय झाली होती. हट्ट घरातल्या घरात राहतो. उजेड मात्र चव्हाट्यावर गेला.

किनुएच्या पावलांचा आवाज गल्लीत विरला तशी फुमिएने दिराकडे बघितलं. शिगेओने घसा साफ केला. त्याने सांगितलं, की वहिनींच्या सांगण्यावरून त्याने शहरात चौकशी केली आहे. डोक्याच्या दुखण्याचा दवाखाना आहे, स्वच्छ आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत. पाच-सहा महिने ठेवतील, निवांत झोप मिळेल. इथे तर धडधाकट माणसाचीही झोप उडाली आहे.

"आणि उजेडाचं काय?" कान्झोने विचारलं. "तो तिने पाहिलाच नाही म्हणतोस?"

"काहीतरी पाहिलं असेल, बाबा. धक्का बसला की विजेच्या तारा एकमेकींना लागतात, ठिणग्या पडतात. मध्ये एका ट्रकवाल्यालाही रात्री उजेड दिसला म्हणतात, त्यानेही तेच पाहिलं असणार. ताईने ठिणगी पाहिली आणि तिला नवरा दिसला. दुखणं ठिणगीत नाही, नवऱ्यात आहे."

तामोत्सु कमी बोलणारा. त्याने एवढंच म्हटलं, की ताईला पाठवलं तर सायोचं मार्गी लागेल, आणि ताई बरी होऊन येईल, म्हणजे दोन्ही साधेल. हे वाक्य आदल्या दिवशी फुमिएनेच त्याला दिलं होतं, जसंच्या तसं.

कान्झो बराच वेळ तंबाखूची नळी चाचपत राहिला. उजेडावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण तो म्हणाला, घरची गोष्ट घरात राहावी. "तिच्या सासूने तिला माघारी धाडली. आता बापाने धाडायची?"

"धाडत नाही आहोत, मामंजी," फुमिए म्हणाली. "औषधपाणी करतोय."

"मला शब्दांचे खेळ नको शिकवूस. तुझ्या मुलीचं लग्न तुला हवंय, त्यात गैर काही नाही. पण मग तेच म्हण."

फुमिएचे कान तापले. ती उत्तर शोधत होती तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की मागच्या दाराशी किनुए उभी आहे. हातात एक डबा तसाच होता. कुणीतरी घरी नसावं आणि ती लवकर परतली असावी. किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने डबा उंबऱ्यावर ठेवला, चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या.

"तिथून डोंगर दिसतो का?" तिने शिगेओला विचारलं.

शिगेओ गडबडला. "कुठून, ताई?"

"तुझ्या त्या दवाखान्यातून. मिनाकामी दिसतो का?"

"नाही. तो शहराच्या पलीकडच्या अंगाला आहे."

"मग मला नाही जायचं," किनुए म्हणाली. आवाजात राग नव्हता. "दिसत असता तर गेले असते. तुमची अडचण मला कळते. फुमिए, तुझीही कळते. पण ते इथे येतात आणि मी नसले तर बरं दिसणार नाही."

बाहेर ऊन केव्हाच उतरलं होतं. फुमिएला वाटलं, वन्संनी आदळआपट केली असती तर सोपं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ही बाई तर पाहुण्याच्या वेळेला घरी असावं म्हणून नकार देत होती. तामोत्सुने मान खाली घातली आणि चटईचे धागे उपटत बसला. शेवटी शिगेओच म्हणाला, की हे बघ ताई, आपण डॉक्टरांना नुसतं भेटून येऊ, राहायचं की नाही ते नंतर.

आणि तो "नंतर" म्हणत असतानाच जमीन खालून वर आली.

आजवरचे धक्के आडवे असायचे, घर गदागदा हलवणारे. हा उभा होता. फुमिए चटईवरून उचलली गेली आणि आपटली. देव्हाऱ्यातली बांधलेली भांडी एका गठ्ठ्याने पुढे झेपावली. दिवा गेला. भिंतीतून माती ओघळल्याचा आवाज आला. तामोत्सुने बापाला काखेत धरून उचललं, शिगेओने किनुएला, आणि सगळे मागच्या दाराने शेतात पळाले. इतक्या महिन्यांत ते एक अंगवळणी पडलं होतं: काही झालं तरी मागे, उघड्यावर, जिथे डोक्यावर पडायला आभाळाशिवाय काही नाही.

दिवस नुकताच मावळला होता. आभाळ राखेच्या रंगाचं, खाली वाडीतला एकही दिवा पेटलेला नव्हता. सगळीकडची वीज गेली होती. पायाखालची जमीन अजून थरथरत होती, उकळत्या भांड्याच्या झाकणासारखी. फुमिएने माणसं मोजली. सगळी होती. तिने श्वास सोडला, आणि त्याच वेळी तिला स्वतःचे हात दिसले.

हात पांढरे दिसत होते. नखं, नखांतली माती, बोटावरचा चुलीच्या चटक्याचा जुना व्रण, सगळं दिसत होतं. तिने मान वर केली.

मिनाकामीच्या माथ्यामागून उजेड चढत होता. वीज चमकते तसा तो फुटला नाही. तो भरत गेला, भांड्यात पाणी चढावं तसा, आवाज न करता. निळसर पांढरा, दुकानातल्या नळीच्या दिव्यासारखा थंड. डोंगराच्या कडेवरचं एकेक पाइनचं झाड वेगळं दिसू लागलं. मग तो माथ्यावरून खाली सांडला आणि शेतातल्या सरींवर त्यांच्या पाच जणांच्या पाच सावल्या पडल्या, लांब, काळ्याभोर. संध्याकाळ झालेली असताना. चंद्र नसताना. जर्दाळूची झाडं खालपर्यंत उजळली होती आणि फुलं प्रेताच्या कपाळासारखी फिकट दिसत होती. हे सुंदर आहे की भयंकर आहे हे तिला कळेना. तिला फक्त एवढं कळलं, की हे आहे. समोर आहे.

उजेड तसाच राहिला. ती एकदा श्वास घेऊन, सोडून, परत घेईपर्यंत राहिला, आणि त्यानंतरही. मग त्याच्या खालच्या काठाला तांबूस रंग धरला, आणि तो विझला नाही तर मागे ओढला गेला, जिथून आला होता तिथे. अंधार दुप्पट झाला. कुठेतरी एक कुत्रं भुंकायला लागलं आणि गप्प झालं.

तामोत्सु मातीत बसला होता. शिगेओचं तोंड उघडं होतं. तो आधी डोंगराकडे, मग खाली वाडीतून जाणाऱ्या मेलेल्या तारांकडे, मग परत डोंगराकडे बघत होता.

"तारा नाहीत तिथे," तो कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाला. "तिथे वर काहीच नाही. आणि वीज तर गेलीय."

कान्झो गुडघ्यांवर आला, दोन्ही हात जोडले आणि कपाळ मातीला टेकवून जावयाचं नाव घेऊ लागला. "हारुओ, चुकलो. ओळखलं नाही. हारुओ, घरात या."

फुमिए वळली ती किनुएकडे. काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं. माफी मागायची, पाय धरायचे, की नुसतं जवळ उभं राहायचं. तिची अपेक्षा होती, की वन्संच्या चेहऱ्यावर आता एक तृप्ती असेल. महिनोन्महिने जिला खोटं ठरवलं तिचं खरं झालं होतं. पण किनुए डोंगराकडे बघतच नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, एकेकाच्या तोंडाकडे, आणि तिचा चेहरा असा होता जसा एखाद्याचा, ज्याने आपल्या कपाटाचं दार उघडलं आणि आतलं सगळं चोरीला गेलेलं पाहिलं.

"तुम्हाला दिसला?" तिने विचारलं.

"दिसला, वन्सं."

"तुला पण? शिगेओ, तुला?"

"दिसला, ताई. सगळ्यांना दिसला. तू म्हणत होतीस ते..." शिगेओचा आवाज फाटला. "आमचं चुकलं."

"सगळ्यांना," किनुए म्हणाली.

खालच्या आळीतून आरडाओरडा ऐकू येत होता. थोड्या वेळाने कंदील हलवत ओयामादाबाई चढावरून आल्या. डोक्याला हेल्मेट म्हणून त्यांनी भाताचं पातेलं घातलं होतं आणि ते काढायचं भान त्यांना नव्हतं. त्यांनी सांगितलं, की साऱ्या वाडीने पाहिला, लहान पोरांनी पाहिला, त्यांच्या सासऱ्याने पाहिला, आणि त्याच्या तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मग त्यांची नजर किनुएवर गेली. बाईंना बाकी काही असो, लाज होती. त्या जरा थांबून म्हणाल्या, "किनुएबाई, तुम्ही म्हणत होतात तो हाच ना?"

"हाच," किनुए म्हणाली, आणि घराकडे चालू लागली. फुमिएने तिला हाताला धरून थांबवलं. घरात जायचं नव्हतं अजून.

*

वसंत लागल्यापासून वाडीतली बरीच माणसं रात्री शेतातल्या रोपांच्या प्लास्टिकच्या मांडवात झोपत. त्या संध्याकाळी मियाइरीही तिथेच बसले, मिरचीच्या रोपांच्या वाफ्यांमध्ये, मधोमध कंदील ठेवून. दुपारी एका बाजूने बोलणारी माणसं आता वेगवेगळ्या बाजूंना गेली होती.

शिगेओ सर्वांत बेचैन होता. तो म्हणत होता, की सकाळी डोंगराखालच्या भूकंपाच्या वेधशाळेत जाऊन सगळं सांगायचं, रंग, दिशा, किती वेळ टिकला ते. आणि ताईनेही यायचं, कारण पहिल्यांदा पाहिला तो तिने. दवाखान्याचं नाव आता कुणी काढायचं नाही, निदान त्याच्यासमोर तरी नाही. तामोत्सुला वेधशाळेशी देणंघेणं नव्हतं. तो म्हणाला, आपण इथून उठायचं, सगळ्यांनी, उद्याच्या उद्या. ज्या डोंगराच्या आत दिवा लागतो त्याच्या पायथ्याशी कंद लावून राहायला आपल्याला काय वेड लागलंय? "वेड" हा शब्द तोंडातून गेल्यावर तो अडखळला. आयुष्यभर बापासमोर मोठ्याने न बोललेला माणूस आज मोठ्याने बोलत होता.

कान्झो कुणाचंच ऐकत नव्हता. दुपारी उजेडावर विश्वास न ठेवणारा म्हातारा आता उजेडाचा भक्त झाला होता. त्याचं म्हणणं एकच: जावई आला, सासऱ्याच्या दारी आला, आणि आपण त्याला आत घेतलं नाही. आचार्यांना परत बोलवा. पूजा करा.

"बाबा," किनुए म्हणाली, "ते हारुओ नव्हते."

इतका वेळ ती मांडवाच्या तोंडाशी, त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

"तूच तर सांगत होतीस ना," कान्झो म्हणाला.

"सांगत होते. तेव्हा मला वाटत होतं, फक्त मलाच दिसतो. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघायचात, काहीच नसल्यासारखं, आणि मला बरं वाटायचं. म्हणायची, बघा, यांना दिसत नाही, म्हणजे माझाच आहे." ती जरा थांबली. "ओयामादाबाईंच्या सासऱ्याला कशाला भेटायला येतील ते?"

शिगेओ हसला, आणि हसू तोंडातच मेलं. कारण किनुए विनोद करत नव्हती.

फुमिएला आत्ता उमगलं, की त्या दुपारी ते वन्संचं काय हिरावून घ्यायला बसले होते, आणि ते त्यांना जमण्याआधीच डोंगराने कसं एका झटक्यात घेतलं. आणि सगळ्यांत वाईट हे, की त्यांनी तिला खोटं म्हटलं तोवर ते शाबूत होतं. तिच्यावर विश्वास ठेवला आणि ते गेलं.

"वन्सं," ती म्हणाली, "शिगेओभाऊजी म्हणतात तसं पण असेल. डोंगराचं काहीतरी. पण तुम्ही पाहिला तो वेगळा असेल. आधीचा."

"नको, फुमिए. तोच होता. तसाच चढला, तसाच तांबडा झाला." किनुए पहिल्यांदाच तिच्याकडे वळली. "दुपारी तू मला पाठवायला निघाली होतीस. आता ठेवून घ्यायला निघाली आहेस. दोन्ही वेळेला माझ्याच भल्यासाठी. राहू दे जरा."

तिने शिगेओला विचारलं, उद्या गाडी आहे ना. तो म्हणाला, आहे, वेधशाळेत जाऊ.

"वेधशाळेत तू जा. मला उएदाला सोड. आईंना भेटायचंय."

कुणाला क्षणभर कळेना, कोण आई. सासू. हारुओची आई, मिने. जिने किनुएला परत पाठवलं होतं आणि त्यानंतर इतक्या वर्षांत कुणी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"रेडिओवर येईल हे," किनुए म्हणाली. "त्या ऐकतील. कुणीतरी नीट सांगायला हवं."

*

सकाळी फुमिए न विचारता गाडीत जाऊन बसली. ओयामादाबाई कोपऱ्यावर भेटल्या; काच खाली करायला लावून म्हणाल्या, की सुझाकावाले आज येणार होते पण रस्त्याला भेग पडलीय, कळवू काय? फुमिए म्हणाली, कळवा की आम्ही सगळ्यांनी उजेड पाहिला, आणि नणंदबाईंनी सर्वांच्या आधी. त्यांना चालत असेल तर येतील. तिने काच वर केली. शिगेओने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि गाडी पुढे काढली.

उएदात जमीन स्थिर होती. गाडीतून उतरल्यावर फुमिएला त्या स्थिरपणानेच चक्कर आल्यासारखं झालं. घर हारुओच्या धाकट्या भावाचं होतं. तो कामावर गेला होता, त्याची बायको त्यांना बघून इतकी चपापली, की तिने पाहुण्यांना या म्हणायच्या आधी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. युद्धानंतर याच धाकट्याशी किनुएने लग्न करावं असं ठरलं होतं. तसं तेव्हा घरोघर होत असे. किनुएने नाही म्हटलं, नवरा जिवंत असताना दुसरं लग्न कसं करू म्हणाली, आणि मिनेने तिला तोंडावर सांगितलं, की तो मेला, तुला एवढंही कळत नसेल तर माहेरी जाऊन वाट बघ. मियाइरींच्या घरात त्या बाईचं नाव त्यानंतर कुणी चांगल्या तोंडाने घेतलं नव्हतं.

मागच्या खोलीत एक वाळकी म्हातारी बसली होती. अंगणाकडचं दार सताड उघडं होतं. सकाळ गार होती आणि म्हातारीच्या खांद्यावर गोधडी होती, तरी दार उघडं. तिने किनुएला ओळखायला वेळ घेतला नाही.

"तुमच्याकडे उजेड दिसला म्हणे," ती म्हणाली. ये नाही, बस नाही. "सकाळी रेडिओवाला सांगत होता. डोंगरावर."

"हो, आई."

"मी पहाटेपासून बसलेय. सून म्हणते दार लावा, गारठा येतोय. मी म्हटलं, राहू दे." म्हातारीची बोटं गोधडीच्या काठावर चालत होती. "हारुओ असेल का गं?"

फुमिए दाराशी होती. तो मेला असं सांगून सुनेला घालवणारी हीच ना ती बाई? तिने किनुएकडे बघितलं.

"आई, तुम्हीच तर म्हणाला होतात, की ते गेले."

"तुला म्हटलं होतं," म्हातारी म्हणाली. "तू तेवीस-चोवीसची होतीस. मी म्हातारी होणारच होते, मला वाट बघायला काय लागतं. एका घरात दोघींनी कशाला बघायची?" ती जरा चिडल्यासारखी झाली. "तू लग्न करशील वाटलं होतं. दुसरीकडे कुठे तरी. केलंस का?"

"नाही, आई."

"मग माझं ते बोलणंही फुकटच गेलं."

किनुए तिच्यासमोर बसली, गुडघे जुळवून, श्राद्धाला बसावं तशी. मग तिने सगळं सांगितलं: शरदात पहिल्यांदा पाहिला ते, रोज संध्याकाळी शेतात उभी राहायची ते, आणि कालचं. म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती. मधेच तिने हात वर करून थांबवलं.

"काल कुणाकुणाला दिसला?"

"आमच्या घरात सगळ्यांना. वाडीत सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना, आई."

मिने बराच वेळ उघड्या दाराकडे बघत राहिली. अंगणात एक सायकल टेकवून ठेवलेली होती, दोरीवर पोरांचे मोजे वाळत होते.

"मग तो नाही," ती शेवटी म्हणाली. "सगळ्या गावासमोर यायचा नाही तो. लग्नातसुद्धा मान वर केली नव्हती त्याने. आठवतं तुला?"

"आठवतं," किनुए म्हणाली.

"मी पंख्याने टोचलं त्याला मागून. म्हटलं, बघ तरी कोण आहे ती."

"मला वाटलं होतं, मी आवडले नाही."

"छे. कान लाल झाले होते. तू कुठून बघणार, तूही खालीच बघत होतीस." म्हातारी उठायला लागली. किनुए हात द्यायला पुढे झाली आणि तिचा हात धरता धरताच वाकली, म्हातारीच्या मांडीवर कपाळ टेकलं, आणि जो आवाज तिच्या छातीतून निघाला तो फुमिएने इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. कालच्या शेतातही नाही. म्हातारीने परत बैठक मारली. तिने आपल्या खांद्यावरची गोधडी काढून सुनेच्या पाठीवर घातली आणि फुमिएकडे बघून म्हणाली, "बाई, तेवढं दार लावून घ्या. गारठा येतोय."

फुमिएने दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला राहिली. अंगणातून वळसा घालून ती रस्त्यावर आली. शिगेओ गाडीत बसून होता. वेधशाळेत दुपारच्या आत पोचायचं त्याच्या डोक्यात घोळत होतं. तिला येताना पाहून त्याने इंजिन चालू केलं.

"बंद करा, भाऊजी," फुमिए म्हणाली. "वेळ लागेल."